बर्फाच्या देशी जाताना

कॅनडातील हिवाळा, तेथील प्रवास आणि ज्येष्ठांचे आरोग्य

दिवाळीचा फराळ संपत येतो आणि एखाद्या रविवारी सकाळी कॅनडाहून फोन येतो. ‘आई, या वेळी डिसेंबरातच या. नाताळची सुटी आहे. बाबांना बर्फ पाहायचा आहे ना?’ मग घरात एकच लगबग सुरू होते. माळ्यावरची मोठी बॅग खाली येते, स्वेटर उन्हात पडतात, मेतकूट आणि लसणीची चटणी पुड्यांत बांधली जाते. औषधांची यादीही होते. परंतु ज्या हवेत आपण पुढचे तीन-चार महिने काढणार, तिची चौकशी मात्र ‘तिकडे फार थंडी असते म्हणे’ या एका वाक्यावर थांबते.

हा लेख त्या वाक्याच्या पुढे जाण्यासाठी आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्यासारख्या वाचकांना तेथे जाण्यापासून परावृत्त करावे, असा हेतू मुळीच नाही. नातवंडांचा सहवास हे मोठे औषध आहे. मात्र त्या देशातील हिवाळ्याचे काही नियम आहेत. तेथे वाढलेल्या माणसाला ते नकळत ठाऊक असतात. आपल्याला ते जाणीवपूर्वक शिकावे लागतात, आणि ते निघण्यापूर्वीच शिकलेले बरे.

थंडी किती, आणि कोणत्या गावची?

‘कॅनडात थंडी असते’ हे म्हणणे ‘भारतात पाऊस पडतो’ असे म्हणण्यासारखे आहे. चेरापुंजीही भारतातच आहे आणि जैसलमेरही. पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हरमध्ये जानेवारीतही पारा बहुधा शून्याच्या वर असतो. तेथे बर्फापेक्षा पावसाची रिपरिप अधिक. टोरोंटोमध्ये जानेवारीची सरासरी शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास असते. मध्यभागातील विनिपेगमध्ये ती शून्याखाली पंधरा अंशांच्याही पलीकडे जाते. कॅल्गरीत ‘शिनूक’ नावाचे उबदार वारे डोंगरावरून उतरतात आणि काही तासांतच पारा वीस-वीस अंशांनी वर चढतो. देशातील सर्वांत कडक थंडी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी युकॉनमधील स्नॅग येथे नोंदली गेली. ती होती शून्याखाली सुमारे ६३ अंश! निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे वर्तमानपत्रांत बातमी येते, हे आठवले म्हणजे या आकड्यांचा अर्थ ध्यानात येईल. म्हणून मुलगा किंवा मुलगी नेमक्या कोणत्या शहरात राहते आणि तेथील जानेवारी कसा असतो, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कॅनडाच्या हवामानवृत्तात तापमानाबरोबर आणखी एक आकडा सांगितला जातो. त्याला ‘विंड चिल’ म्हणतात. आपल्या त्वचेलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो आणि शरीर झपाट्याने उष्णता गमावू लागते. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० इतकी जाणवते. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला, की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली त्यासाठी पाच-दहा मिनिटेही पुरतात. सकाळी खिडकीतून लख्ख ऊन दिसते, आकाश निळेभोर असते, आणि आपल्याला वाटते, आज छान दिवस आहे, जरा पाय मोकळे करून यावे. तेथे नेमके असेच निरभ्र दिवस पुष्कळदा अतिशय थंड असतात, कारण उष्णता अडवून धरणारे ढगांचे पांघरूण तेव्हा नसते. उन्हावर विसंबू नये. आकडा पाहूनच दार उघडावे.

बर्फापेक्षा निसरडे अधिक घातक

ज्येष्ठांच्या दृष्टीने तेथील हिवाळ्यातील सर्वांत मोठा धोका थंडीचा नव्हे, तर पाय घसरण्याचा आहे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ तसा निरुपद्रवी असतो. पाय त्यात रुततो, पण सहसा घसरत नाही. खरा वैरी म्हणजे पारा शून्याच्या आसपास घुटमळत असतानाचा दिवस. दुपारी उन्हाने बर्फ वितळतो, पाणी पायवाटेवर पसरते आणि सूर्य कलला की तेच पाणी काचेसारखे गोठते. या पारदर्शक थराला तेथे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. तो काळा नसतो. त्याखालचा काळा रस्ता आरपार दिसतो म्हणून हे नाव. वरवर पाहता रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. कधी पाऊस पडता पडताच गोठतो आणि झाडे, पायऱ्या, कठडे अशा सर्वांवर बर्फाचे कवच चढते. अशा दिवशी तेथील तरणीताठी माणसेही घराबाहेर पडण्याचे टाळतात.

आता पुढील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळचे दहा वाजले आहेत. मुलगा-सून कामावर गेली आहेत, नातवंडे शाळेत. कचऱ्याची पिशवी भरली आहे. पेटी दारापासून अवघ्या वीस पावलांवर. ‘एवढ्यासाठी कोट आणि बूट कशाला?’ असे म्हणून आजोबा घरातल्या सपाता घालून बाहेर पडतात. तिसऱ्या पावलाला पाय सटकतो. मोबाइल आत टेबलावर आहे, दार मागे आपोआप लागले आहे आणि शेजारची सर्व घरे बंद आहेत. मोडलेल्या हाडापेक्षा भयंकर असते ती यापुढची अर्ध्या तासाची थंडी. असे प्रसंग डोंगरदऱ्यांत नव्हे, तर दारापासून वीस पावलांवर घडतात. म्हणून या एका नियमाला अपवाद नको: बाहेर एक पाऊल टाकायचे असले, तरी बूट, कोट, टोपी, किल्ली आणि खिशात मोबाइल हवाच.

उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण आणि पुढे कायमची काठी असे दुष्टचक्र सुरू होऊ शकते. ते टाळण्यासाठी चालण्याची रीत बदलावी लागते. तेथील लोक गमतीने तिला पेंग्विनची चाल म्हणतात. पावले लहान टाकावीत, पाय किंचित फाकलेले ठेवावेत, गुडघे जरा सैल असावेत आणि पूर्ण तळवा एकदम टेकवावा. टाच आधी टेकवण्याची आपली नेहमीची लकब बर्फावर घात करते. हात खिशात घालू नयेत. तोल सावरण्यासाठी ते मोकळे हवेत. त्यासाठीच हातमोजे. मोटारीतून उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दाराला धरून, मगच उभे राहावे.

बुटांची खरेदी येथे करू नये. तेथे गेल्यावर, पायात घालून, चालून पाहूनच ती करावी. टोरोंटोतील एका पुनर्वसन संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत खऱ्याखुऱ्या बर्फाच्या उतारावर माणसे चालवून बुटांच्या तळव्यांची पकड तपासली जाते. जे बूट किमान सात अंशांच्या उतारावर टिकतात, त्यांना हिमफुलाचे चिन्ह मिळते. दिसायला जाडजूड असणारे कितीतरी बूट या कसोटीला उतरत नाहीत. बुटांवर चढवायचे दातेरी पट्टेही मिळतात; त्यांना ‘क्लीट्स’ म्हणतात. बर्फावर ते उत्तम. पण दुकानात किंवा रुग्णालयात गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकण्यापूर्वी ते काढलेच पाहिजेत, नाहीतर तेथे हमखास घसरायला होते. काठी वापरत असाल, तर तिच्या टोकाला बसवायचा टोकदार खिळा औषधांच्या दुकानात मिळतो. घरात शिरताना तो वर वळवून ठेवता येतो.

वयाबरोबर थंडी का बाधते?

तरुण शरीर थंडीत कुडकुडते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करणे. वय वाढते तसे स्नायू घटतात, त्वचेखालची चरबी पातळ होते, आणि मुख्य म्हणजे ‘आपल्याला थंडी वाजते आहे’ ही जाणीवच मंदावते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांना आणि झोपेची किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. अशा वेळी माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो, पेंगतो, हातातल्या वस्तू पाडतो. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असे समजू नये. उलट ते प्रकृती ढासळल्याचे लक्षण असू शकते. तत्काळ ९११ क्रमांकावर फोन करावा, ओले कपडे काढावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, आणि माणूस शुद्धीवर व गिळू शकत असेल तर कोमट गोड पेय द्यावे. मद्य देऊ नये, हातपाय चोळू नयेत.

नाकाचा शेंडा, कानाची पाळी, बोटांची टोके पांढुरकी व बधिर पडली, तर तो हिमदंश होय. आपल्या सावळ्या त्वचेवर पांढुरकेपणा चटकन दिसत नाही. तेव्हा बधिरपणा आणि मेणासारखा टणकपणा या खुणा पाहाव्यात. तेथेही चोळणे वर्ज्य. शेगडी, हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी लावू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना आधीच कमी आहे, त्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटे दिव्याखाली तपासावीत.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून घरातला रक्तदाबमापक बरोबर न्यावा आणि आठवड्यातून दोन-तीनदा नोंद ठेवावी. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अंगणातील बर्फ फावड्याने उपसण्याचे काम आपण करू नये. मुलगा कामावरून दमून येईल, तेवढ्यात आपण वाट मोकळी करून ठेवू, हा आपला प्रेमळ विचार. पण ओला बर्फ विलक्षण जड असतो, हातांवर एकदम ताण पडतो आणि गार हवा छातीत जाते. हृदयाला याहून वाईट संयोग क्वचितच असेल. दमा असलेल्यांनी नाकातोंडावर मफलर घेऊन, नाकानेच श्वास घ्यावा.

पोशाख: जाड एक नको, पातळ तीन हवेत

एका जाडजूड कोटापेक्षा कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा अडकून राहते. आतला थर अंगाला चिकटणारा, घाम बाहेर टाकणारा असावा. सुती गंजी घाम शोषून ओली राहते आणि अंग गार पाडते. मधला थर लोकरीचा, बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. आपली माकडटोपी उत्तम आहे. संकोच न करता वापरावी. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आतून थर्मल घालावे, परंतु बाहेर जाताना मात्र सलवार किंवा पँट बरी. साडीचा काठ बर्फात भिजतो, पायात येतो आणि पाऊल कोठे पडते ते दिसू देत नाही. दुकानात किंवा मोटारीत शिरताच कोट सैल करावा. घामाने भिजून पुन्हा थंडीत जाणे वाईट.

विमान, मोटार आणि वेळापत्रक

हिवाळ्यातील प्रवासात विलंब गृहीतच धरावा. पंखांवर बर्फ साचलेले विमान उडवता येत नाही; उड्डाणापूर्वी त्यावर बर्फ वितळवणाऱ्या द्रवाचे फवारे मारले जातात. वादळात विमानफेऱ्या रद्दही होतात. म्हणून जोडविमानांमध्ये भरपूर अंतर असलेले तिकीट घ्यावे. औषधे, चष्मा, कवळी, एक उबदार कपडा आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवावा. इन्सुलिन तर सामानाच्या मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. ते गोठले की निकामी होते. नंतर वितळून नेहमीसारखे दिसले तरी वापरता येत नाही. हाच नियम बाहेर उभ्या केलेल्या मोटारीलाही लागू आहे. औषधांची डॉक्टरांनी दिलेली, मूळ रासायनिक नावांसह लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी. स्वतःच्या वापरासाठी साधारणतः ९० दिवसांपर्यंतचीच औषधे नेता येतात; त्याहून लांब मुक्काम असेल, तर तेथील डॉक्टरांकडून पुढची सोय कशी होईल, हे आधीच ठरवावे. लांबच्या उड्डाणात दर तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, म्हणजे पायांत रक्त साकळत नाही.

तेथील सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांना सहसा लागू नसते आणि एका रात्रीच्या रुग्णालयवासाचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. पालकांच्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा बंधनकारकच आहे. साध्या व्हिसावर जाणाऱ्यांनीही विमा टाळू नये. मात्र आधीपासून असलेले आजार त्यात कोणत्या अटींवर धरले आहेत, ते शब्दशः वाचून घ्यावे.

रस्त्यांवर मीठ टाकून बर्फ वितळवला जातो. पण कडाक्याच्या थंडीत मिठाचा प्रभाव कमी होतो आणि मग वाळू किंवा खडी पसरतात. पुलांखालूनही गार वारा वाहतो, त्यामुळे पूल रस्त्याच्या आधी गोठतात. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. मुलगा ‘आज नको, रस्ता वाईट आहे’ म्हणाला, तर देवळाचा किंवा स्नेह्यांकडच्या जेवणाचा बेत आनंदाने पुढे ढकलावा. आपल्या आग्रहापायी त्याने निसरड्यावर गाडी काढू नये.

मोटारीत पांघरूण, पाणी, खाऊ, विजेरी आणि लहान फावडे असावे. वाटेत अडकल्यास मोटार सोडून चालत निघू नये. इंजिन दर तासाला दहा मिनिटेच चालू करावे आणि त्याआधी धूर सोडणाऱ्या नळीवरचा बर्फ हटवला आहे याची खात्री करावी. नळी बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू आत साचतो. इंजिन चालू असताना खिडकी बोटभर उघडी असावी.

घरातला हिवाळा

घरात भट्टीची ऊब असते, पण ती हवा अत्यंत कोरडी असते. त्वचा खाजते, ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. पाणी वेळेवर पीत राहावे, खोलीत आर्द्रता राखणारे यंत्र लावावे आणि आंघोळ कढत नव्हे, कोमट पाण्याने करावी. खोबरेल तेल आंघोळीनंतर, अंग टिपून, न्हाणीघराबाहेर येऊन लावावे. आपल्याकडची अभ्यंगस्नानाची पद्धत तेथल्या गुळगुळीत बाथटबमध्ये धोक्याची ठरते. तेलकट तळवे, उंच कठडा आणि ओली फरशी, तीन्ही एकत्र! टबमध्ये रबरी चटई आणि भिंतीला पकडदांडा बसवून घ्यावा. फोडणीच्या धुराने छताचे गजर वाजतात म्हणून ते काढून ठेवू नयेत. स्वयंपाक करताना वरचा पंखा लावावा. हिवाळाभर खिडक्या बंद असलेल्या घरात तेच गजर प्राण वाचवतात.

हिवाळ्यात तेथील कलता सूर्य त्वचेला ड जीवनसत्त्व बनवण्याइतकी किरणे देत नाही, आणि आपल्या सावळ्या वर्णाला तर त्यासाठी अधिक ऊन लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी ड जीवनसत्त्वाची पूरक मात्रा रोज घ्यावी, असा सल्ला तेथील आरोग्य खातेही देते. आपल्याला किती हवी, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचाही त्याच भेटीत विचार व्हावा.

मनाचे दिवस

डिसेंबरात टोरोंटोचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. पावणेपाचच्या आत दिवेलागण. घर रिकामे, रस्ता शांत, खिडकीबाहेर पांढरे मौन. पहिला आठवडा कौतुकात जातो. तिसऱ्या आठवड्यात मात्र विनाकारण डोळे भरून येऊ लागतात, झोप बिघडते, जेवणावरची वासना जाते. हा आपला दुबळेपणा नव्हे. उजेड आणि माणसे, दोन्ही एकदम कमी झाल्याचा तो परिणाम आहे. सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडावेत, खिडकीशी बसून चहा घ्यावा, दिवसाला वेळापत्रक असावे. तेथील सार्वजनिक वाचनालये उबदार असतात. पुष्कळ मॉल सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी फिरायला येणाऱ्यांसाठी खुले होतात. टोरोंटोच्या मध्यभागी ३० किलोमीटरहून अधिक लांबीचे भुयारी पादचारी मार्गांचे जाळे आहे; माँट्रियललाही असेच आहे. बर्फाचा कणही पायाला न लागता तेथे फिरता येते. दोन-तीन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, तर मुलांना स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे.

मुला-सुनांना दोन शब्द

आई-वडील येतील तेव्हा त्यांचे कोट आणि बूट विमानतळाच्या आतच घेऊन जा. बाहेर आल्यावर नव्हे. दाराची किल्ली, घरचा पत्ता आणि तुमचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खिशात ठेवा. दाराजवळ बूट घालण्यासाठी पाठीची खुर्ची ठेवा, पायऱ्यांवर मिठाची बादली. दुपारी एक फोन ठरलेल्या वेळी करा. तो उचलला गेला नाही, तर कोणी जाऊन पाहायचे, हेही ठरवून ठेवा. आणि कधीतरी सुटीच्या दिवशी त्यांना खरोखर बर्फ पाहायला न्या. त्यासाठीच तर ते आले आहेत.

वाचकहो, आपल्या पूर्वजांनीही थंडीचा विचार केला होताच. ऐन गारठ्यात येणाऱ्या संक्रांतीला तीळ, गूळ, बाजरीची भाकरी आणि ऊब धरून ठेवणारे काळे वस्त्र, हा त्याच शहाणपणाचा भाग. जानेवारीत तेथे खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असेल, तेव्हा नातवाच्या हातावर तिळगूळ ठेवा. मग टोपी, हातमोजे आणि बूट चढवून, त्याचा हात धरून, लहान लहान पावले टाकीत अंगणात उतरा. तो कदाचित आपल्या चालीला हसेल. हसू द्या. त्या चालीनेच आपण वसंतापर्यंत धडधाकट पोहोचणार आहात.